पक्षी तक्रार करत नाहीत

माणसाचं चित्र काढण्यात एक मोठी जोखीम असते: ते त्या माणसाला दाखवावं लागतं. मेव्हण्याचं एकदा काढलं, तर त्या दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचा डबा आला तो नुसत्या शेवेचा. कावळ्याची मान आखूड झाली म्हणून कावळा काही बोलणं टाकत नाही.

शाळेत बरं होतं. दोन डोंगरांमधून सूर्य वर काढला, आभाळात चार फराटे मारले की पक्षी उडायला लागत आणि दोनाच्या आकड्याचं बदक होई. खऱ्या पक्ष्यापुढे ही विद्या चालत नाही. माझ्या वहीतलं शिंजीराचं सर्वांत पूर्ण चित्र म्हणजे एक हललेली फांदी. वंचक त्या मानाने सज्जन. नाल्याकाठी चिखलाच्या रंगाचा होऊन इतका निश्चल उभा राहतो, की आपण पेन्सिलीला टोक करून, चहा पिऊन यावं. उडाला मात्र, की पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि रंगवलेलं सगळं खोटं पडतं.

"अहो, याचा गुडघा उलटा वाकलाय," बायको म्हणाली.

"तो घोटा आहे. गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो."

"बरंय. थंडी तरी लागत नसेल गुडघ्याला."

माझा लाडका तांबट. समोरच्या उंबराच्या शेंड्यावर सकाळचं ऊन खात बसतो. कपाळ लाल, गळा पिवळा, चोचीभोवती राठ मिशा. अंगाने गुटगुटीत, शेपूट आखूड, मान जवळजवळ नाहीच. पन्नाशी ओलांडलेल्या चित्रकाराला आपला वाटावा असा बांधा. टुक्‌ टुक्‌ करताना डोकं सारखं फिरवतो, त्यामुळे आवाज कधी इकडून येतो, कधी तिकडून. ते डोकं कागदावर नेमकं कुठे ठेवायचं, या घोळात बीपी, मेंटेनन्सची थकबाकी वगैरे मंडळी ताटकळत बसतात. प्राणायामात ती थेट आत येऊन बसायची.

बायकोचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून औषधांच्या बिलामागे पारवा काढला. खिडकीबाहेर एसीच्या डब्यावर बसला होता. मानेवरची हिरवी-जांभळी झाक निळ्या बॉलपेनने आणायची कशी, या विवंचनेने दुसऱ्या विवंचनेला दारातच अडवून धरलं. शुद्धीवर आल्यावर बायकोने तो पाहिला. "मी आत टेबलावर, आणि तुम्ही बाहेर कबुतरं काढताय!" म्हणाली, पण हसली, टाके दुखेपर्यंत. पुढे मेडिक्लेमवाल्यांना मूळ बिलच हवं होतं, म्हणून पारवा त्यांच्याकडे जमा झाला. क्लेम पास झाला. पैसे मिळवून देणारं माझं हे एकमेव चित्र.

जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरने डोडो रंगवला, असं मानतात. तो पक्षी पुढे जगातून नाहीसा झाला. माझे पक्षीही जगात कुठे सापडत नाहीत, पण ते आधीपासूनच.

अर्थात, कदर करणारे भेटतात. परवा आमच्या वॉचमनकाकांनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, "साहेब, पोपट झकास जमलाय."

काढली होती घार.

"रंग तेवढा राहिलाय," म्हटलं, आणि लाल पेन्सिल शोधून चोच रंगवायला घेतली.