वाइनबुवा

आळंदीत तुळशीच्या माळेचं कोणाला नवल नाही. पण माळ घालून म्यूस्कादे आणि शाब्ली या फ्रेंच वाइनांतला फरक समजावणारा गावात एकच. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत असलेले आमचे वाइनबुवा. वाइनचा थेंब त्यांच्या जिभेला कधी लागलेला नाही, त्यामुळे त्यांची मतं अजून जशीच्या तशी शाबूत आहेत.

कंपनीने ट्रेनिंगला फ्रान्समध्ये नांतला पाठवलं, तिथे ही दीक्षा झाली. रात्री टेबलावर सगळे पीत. शुद्धीत राहून ऐकणारे हे एकटे. म्यूस्कादे ही तिथलीच, लुआर नदी समुद्राला मिळते त्या मुलखातली. १७०९ च्या भयानक थंडीत जुन्या वेली गेल्या आणि थंडी सोसणारी मेलों जात पसरली. वाइन हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच ठेवली की तिला अंग येतं. घ्यायची कालवांबरोबर, कारण कालवांवर लिंबू पिळण्याचं काम तिचा आंबटपणाच करतो. सांगणाऱ्यांना यातलं सकाळी काही आठवत नसावं. बुवांच्या वहीत मात्र तारीखवार उतरलं.

परत आल्यावर अडचण एकच : आळंदीत कालवं आणायची कुठून? आणि आणली तरी खायची कोणी? तोड निघाली मासवडीत. बेसनाच्या पोटात तीळ, खोबरं, लसूण. नावात मासा, ताटात नाही. म्यूस्कादेला याहून योग्य जोडी जगात नाही, असं बुवा छातीठोक सांगतात. माशाशिवाय मासवडी होते, तर पिण्याशिवाय पिणारा का होऊ नये?

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसू नये. "पुरणपोळीला वाइन पोळीपेक्षा गोड हवी, नाहीतर बिचारी नुसती आंबट लागते. इथे वूव्रे, तीही गोडातली. शेनिन ब्लाँ द्राक्षाची. आपल्या नाशकात पिकतं की ते!" वाढपी तुपाची वाटी घेऊन ताटकळलेला असतो. मग गाडी नारायणगावावर. चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की लागतं तेच. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी तिथे फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन काढली आणि 'ओमर खय्याम' म्हणून परदेशात विकली. हे बुवा अशा अभिमानाने सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं बाटल्या यांनीच भरल्या.

एकादशीलाही सुटका नाही. साबुदाण्याच्या खिचडीत हिरवी मिरची, म्हणून वाइन किंचित गोडसर आणि कमी मद्यार्काची. मद्यार्क वाढला की मिरची पेटते. आई कळवळते, "अरे, आजच्या दिवशी तरी नाव नको घेऊ!"

"आई, नावच तर घेतोय."

२०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. मात्र देवळांजवळच्या दुकानांना वगळलं. गावाने निषेध करायचा की स्वागत, यावर वाद चालला होता. बुवांनी त्या अटीचं मनापासून स्वागत केलं. उगाच कोपऱ्यावर मिळायला लागली असती, तर एखाद्याने पिऊन त्यांना खोटं पाडलं असतं.

पुढे एक फ्रेंच साहेब चाकणला आला आणि बुवांना म्यूस्कादेची बाटली देऊन गेला. घरी नेणं शक्यच नव्हतं. लॅबच्या फ्रिजमध्ये ती लाल 'होल्ड' टॅग लावून उभी राहिली. ही वाइन ताजेपणीच प्यायची असते, हे बुवांनीच सगळ्यांना शिकवलेलं; पण टॅग काढायला ते तयार नव्हते. शेवटी मोशीला राहणाऱ्या एका पोराने ती उचलली आणि रूमवर संपवली. सोमवारी बुवांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. चोरीबद्दल चकार शब्द नाही.

"सोबत काय घेतलं?"

"फरसाण, बुवा."

"आणि थंड कशी केलीस?"

"बर्फ टाकला."

त्याच दुपारी बुवांनी त्याच्या नावावर क्वालिटीची रीतसर एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्स, काढली. सुधारात्मक कारवाईच्या रकान्यात लिहिलं : मासवडी.