एडिंबरोच्या किल्ल्यावरून आजीला

ती. आजीस,


व्हिडिओ कॉलवर मला तुझं नुसतं कपाळ दिसतं, कारण फोन बाबा धरतात. म्हणून हे कागदावर. आता वाचून दाखवायलाही बाबाच लागणार, त्याला इलाज नाही. मधेच थांबून पदरचा इतिहास जोडायला लागले, तर तू सरळ चहा माग.

शनिवारी एडिंबरोचा किल्ला पाहिला. तिकिटाचा आकडा लिहीत नाही. बाबा लगेच रुपयांत गुणतील आणि पत्र तिथंच राहील. माझी रूममेट नागपूरची. तिनं तिकीट काढल्या क्षणापासून पैसे वसूल करायचा चंग बांधला होता. एक पाटी सोडली नाही, एक खोली सोडली नाही. पलटणींच्या लाडक्या कुत्र्यांची स्मशानभूमीसुद्धा सोडली नाही. हो, इथं कुत्र्यांना रीतसर थडगी आहेत.

बाबांचे ठरलेले प्रश्न आधी उरकते. उंची 130 मीटर. सिंहगड 1300च्या वर आहे, तेव्हा बाबा याला टेकाड म्हणणार. एका बाजूनं रस्ता सरळ दरवाजाशी येतो, काठी टेकत आलेल्या आज्याही निवांत पोचतात. पण बाकीच्या तिन्ही बाजूंना जो काळा कडा आहे, तो बघून बाबासुद्धा 'बरा आहे' म्हणतील. ज्वालामुखीचाच दगड, आपल्या सह्याद्रीसारखा, फक्त त्याच्याहून कितीतरी जुना. पाण्याची सोय? एक खोल विहीर. 1573च्या वेढ्यात तोफांच्या माऱ्यानं बुरूज कोसळला, त्याचा राडारोडा विहिरीवर आला आणि किल्ला तहानेनं जेरीस आला. बाबा नेहमी म्हणतात ना, टाकी मोजल्याशिवाय गड कळत नाही. त्यांना सांग, इथल्या किल्लेदारालाही ते उशिरानं कळलं.

आता तुझ्यासाठी खास. 1314 साली हा किल्ला इंग्रजांकडे होता. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा सरदार थॉमस रँडॉल्फ तीसेक माणसं घेऊन रात्री हाच कडा चढला, तटाला शिडी लावली आणि किल्ला घेतला. (बाबा, घोरपड नव्हती. मी विचारलं नाही, पण नव्हती.) वाट कुणी दाखवली? विल्यम फ्रान्सिस नावाच्या माणसानं. तरुणपणी तो किल्ल्यावर राहायचा, आणि खाली गावातल्या एका मुलीला भेटायला रात्री गुपचूप कडा उतरायचा. हिरकणी तान्ह्या बाळासाठी उतरली, हा पठ्ठ्या कशासाठी उतरला बघ! आणि आईला वाटतं, या भानगडींनी कुणाचं भलं होत नाही.

राणी मेरीची बाळंतिणीची खोली पाहिली. 1566मध्ये इथं जन्मलेला मुलगा पुढं स्कॉटलंड आणि इंग्लंड दोन्हींचा राजा झाला. खोली केवढी? आपल्या देवघरात एक खाट टाकली तर उरेल तेवढी. राणी असून! रूममेट म्हणाली, सुईण आत असताना दार लागत होतं का, एवढंच मला सांग.

मॉन्स मेग नावाची तोफ आहे, 1449ची, दीडशे किलोचा दगडी गोळा फेकणारी. मेरीच्या लग्नाच्या आनंदात 1558मध्ये ती उडवली, तर गोळा जवळजवळ दोन मैल लांब जाऊन पडला. वरातीत फटाके लावणाऱ्या मामाला हे वाचून दाखवू नका.

स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाचा दगड मात्र हुकला. तो 2024पासून पर्थला असतो. 1950च्या नाताळात चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतून पळवला, पळवताना त्याचे दोन तुकडे झाले. परदेशी शिकायला गेलेल्या मुलांची तुम्हाला काळजी वाटते, म्हणून कळवते: माझ्या वर्गातली मुलं अजून तरी फक्त चार्जर पळवतात.

दुपारी तटावर बसून डबा उघडला. कँटीनमधल्या केकच्या किमती वाचूनच पोट भरलं होतं, पण तू दिलेल्या भाजणीचं थालीपीठ होतं, ठेचा लावलेलं. वारा असा की एका हातानं टोपी धरायची. तेवढ्यात धडाम्! रविवार सोडला तर जवळपास रोज एक वाजता इथून तोफ उडते. बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून 1861ला सुरू केलेली प्रथा. धुक्यात वेळेची खूण दिसायची नाही, आवाज तर जाईल. आम्ही दोघी दचकलो. तटावरचा सीगल पक्षी मात्र दचकला नाही, त्याला रोजची सवय. त्यानं शांतपणे माझ्या हातातलं थालीपीठ उचललं आणि बुरुजावर जाऊन बसला. पहिला घास घेतला, मान वाकडी केली, चोच दगडावर घासली, पुन्हा आमच्याकडे पाहिलं, आणि उरलेलंही खाल्लं. आजी, तुझा ठेचा स्कॉटलंडनं पचवला.

परतताना दरवाजाबाहेरच्या मैदानात एक दगडी क्रूस दिसला. त्यावर चक्क हत्ती! या थंडीत हत्ती कुठून आला म्हणून जवळ गेलो. 1857च्या धामधुमीत हिंदुस्थानात मेलेल्या 78व्या हायलँडर्स पलटणीचं ते स्मारक. आणि हत्ती त्यांना मिळाला तो असईच्या लढाईबद्दल. असई! आपल्या जालना जिल्ह्यातली! 23 सप्टेंबर 1803ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला पुढं नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीनं तिथं हरवलं, आणि ही पलटण त्याच्यासोबत होती. रूममेट कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे आमच्या नागपूरच्या भोसल्यांना हरवलं, त्याचं बक्षीस हे?" आणि तिकिटाचे पैसे परत मागायला निघाली. तिला आवरलं.

तेव्हा बाबांना एक निरोप. रायगड, राजगड, प्रतापगड, सगळे तुम्ही दोनदोनदा पाहिलेत. असई घरापासून इतकी जवळ, की सकाळी स्कूटर काढली तर दुपारच्या वरणभाताला परत याल. कधी गेलाय?

भाजणी संपत आली आहे. येणाऱ्या कुणाबरोबर पाठवा, आणि सीगलचं गृहीत धरून पाठवा.

तुझी,
मनू