बोधकाका

वसईच्या ख्रिस्ती गावांत प्रत्येक धर्मग्रामाला फादर मिळतात ते बिशपांकडून, आणि बोधकाका मिळतात ते आपोआप. फादरांची काही वर्षांनी बदली होते, काकांची होत नाही.

रविवारी काका पुढून तिसऱ्या बाकावर, पंख्याखाली असतात. आधी जुन्या करारातलं वाचन, मग स्तोत्र, मग एखादं पत्र, बहुतेकदा पौलाचं, आणि शेवटी शुभवर्तमान. बाकीचे ऐकतात, निदान ऐकल्यासारखे बसतात. काका मात्र वाचन चालू असतानाच मान किंचित वळवून कोण कुठे बसलंय ते पाहून ठेवतात. नवी कोठारं बांधणारा श्रीमंत शेतकरी आला की त्यांची नजर जमिनीची दलाली करणाऱ्या पुतण्यावर थांबते. उधळा पुत्र आला की पलीकडच्या घरातल्या, आखातातून आलेल्या मुलावर. माणूस सापडला की ते समाधानाने पुढे बघतात.

फादरांचं प्रवचन दहा मिनिटांत संपतं. काकांचं त्यानंतर आवारात सुरू होतं. त्यासाठी त्यांची एक खास पद्धत आहे. बोलता बोलता ते तुमच्या स्कूटरच्या हँडलवर सहज हात ठेवतात. तुम्ही चावी लावता, स्टार्टर मारता, गाडी सुरूही होते. पण हात हलत नाही. ‘आजचा बोध लक्षात आला ना?’ असं ते विचारतात. ‘आला’ म्हटलं की कोणता ते सांगावं लागतं, आणि ‘नाही’ म्हटलं तर ते सांगतात. मटणवाल्याकडची रांग तोवर वाढत जाते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, कॅथलिक चर्चने रविवारच्या वाचनांचा नवा क्रम लावला. तीन वर्षांचं चक्र: अ वर्षात मत्तय, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक, योहान मधूनमधून, विशेषतः पुनरुत्थानकाळात. बायबलचा जास्तीत जास्त भाग लोकांच्या कानांवर पडावा, हा त्यामागचा हेतू. काकांच्या मते मात्र गावातलं कोणी सुटू नये म्हणून रोमने ही सोय केली आहे. ‘आत्ता हसतोय,’ ते एखाद्याविषयी म्हणतात, ‘लूक येऊ दे.’

सामान्य काळात, म्हणजे सणांचे आणि उपवासाचे काळ सोडून उरलेल्या रविवारी, पहिलं वाचन शुभवर्तमानाशी जुळेल असं निवडलेलं असतं. दुसरं वाचन, म्हणजे पत्र, मात्र आठवड्यामागून आठवडा आपल्या क्रमाने पुढे सरकतं, त्याचा बाकीच्यांशी संबंध असेलच असं नाही. एका तरुण फादरांनी हे काकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. काका शांतपणे म्हणाले, ‘फादर, संबंध असतो. लावावा लागतो.’ आणि ते लावतात. यहेज्केल, करिंथकर आणि मोहरीचा दाणा यांना एकत्र बांधून त्यांनी सोसायटीच्या थकलेल्या पाणीपट्टीपर्यंत आणल्याचं मी ऐकलं आहे.

बोध आचरणात आणण्यातही ते मागे नाहीत, फक्त तो अंगाशी येतो. मार्था आणि मरियेचं वाचन झालं त्या रविवारी त्यांनी काकींना ऐकवलं, ‘अगं, सारखी चुलीशी काय असतेस? मरियेने उत्तम वाटा निवडला.’ काकींनी पदराला हात पुसले, गॅस बंद केला आणि ओटीवर येऊन बसल्या. ‘अहो, बरं झालं सांगितलंत. आता तुम्ही मार्था व्हा, भात राहिलाय लावायचा.’

मेजवानीत शेवटच्या जागी बसावं, म्हणजे यजमान येऊन मानाने वर नेईल, हे वाचन क वर्षात पावसाळ्याच्या अखेरीस येतं. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात काका मांडवाच्या टोकाला, जनरेटरला लागून असलेल्या खुर्चीवर जाऊन बसले. यजमान दोनदा जवळून गेला. काका नम्रपणे खाली बघत राहिले. काका रुसले आहेत असं यजमानाला वाटलं, आणि रुसलेल्या माणसाला छेडू नये एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. बँड वाजला, केक कापला, लोक जेवून उठले. काकांच्या वाट्याला पाव आणि रस्सा आला. घरी आल्यावर त्यांनी यजमानाला लागू पडेल असं वाचन शोधायला दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ काढलं.

एकच दाखला त्यांना अजिबात मानवत नाही: द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. सकाळपासून राबलेल्याला एक दिनार आणि दिवस मावळताना आलेल्यालाही एक दिनार. काकांची केळीची वाडी आहे. हे वाचन झाल्यावर सोमवारी त्यांचा गडी दुपारच्या जेवणानंतर उगवला आणि संध्याकाळी पूर्ण मजुरी मागू लागला. तोही तिसऱ्या बाकाच्या मागेच बसतो. पाणीपट्टीपर्यंत बायबल आणणारे काका त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले, ‘बाबा, तो आध्यात्मिक दाखला आहे. इथे हजेरीवही आहे.’

तरी काकांची टिंगल जपूनच करावी. परवा कोणतं वाचन झालं असं आवारात विचारलं, तर निम्मे लोक आकाशाकडे बघतील. काकांना मागच्या चक्रातलंही आठवतं, कोणाला लागू केलं होतं त्याच्यासकट.

भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, हे लूकचं वाचन क वर्षातल्या सामान्य काळाच्या आठव्या रविवारचं. प्रायश्चित्तकाळ लवकर सुरू झाला की हा रविवार गळून पडतो. २०१३ आणि २०१६ मध्ये तसंच झालं. पण २०१९, २०२२ आणि २०२५ मध्ये तो लागोपाठ आला, आणि तिन्ही वेळा काकांना मुसळ सापडलं: एकदा व्याह्यांच्या डोळ्यात, एकदा सरपंचांच्या, एकदा माझ्या. यापुढे ते वाचन २७ फेब्रुवारी २०२८ रोजी आहे. त्या दिवशी ज्यांना घाई असेल त्यांनी स्कूटर आवाराबाहेर लावावी.