टोचनशेठ

जव्हार-मोखाड्याकडे लग्नसराई सुरू झाली की दर दोन-चार पाड्यांमागे एक टोचनशेठ उगवतो. शेठ म्हणावं असं त्याच्याजवळ फारसं काही नसतं. एक जुनी पिकअप, तिच्या हौद्यावर बसवलेली प्लायवूडची खोली आणि मागे हुकाला टोचन केलेला दोनचाकी जनरेटर. या तिघांत हप्ता न थकलेली एकटी खोली, कारण ती त्याने स्वतःच ठोकली आहे.

खोलीत आडवं व्हायला फळी, गॅसची शेगडी, पतपेढीचं कॅलेंडर आणि खिळ्याला टांगलेला इस्त्रीचा शर्ट. टपावर मंडपाचे पाइप, स्पीकर आणि दिव्यांच्या माळा. उन्हाळाभर मुक्काम इथेच. आज खोडाळा, उद्या सूर्यमाळ, परवा तोरंगण घाट चढून थेट त्र्यंबक. "आमचे हे शिमग्याला जातात नि मिरगाला परत येतात," असं बायको पाहुण्यांना सांगते. मिरगाचा पाऊस पडला की चार कोपऱ्यांना चार जॅक लावून खोली उचलायची, पिकअप खालून बाहेर काढायची आणि खोली अंगणात पिंपांवर ठेवायची. पुढे दिवाळीपर्यंत तिच्यात कोंबड्या राहतात. त्या निदान अंडी तरी देतात, असंही बायकोच सांगते.

खोली हौद्याच्या मागे दोनेक फूट बाहेर येते, त्यामुळे जनरेटरचा दांडा हुकापर्यंत पोचेना. शेठने गॅरेजवाल्याकडून हूकच लांबवून घेतला. हूक मागच्या चाकांपासून जितका लांब, तितकं त्यावरचं वजन गाडीचं तोंड वर उचलतं. हे शाळेत तरफेच्या धड्यात शिकवतात. तो धडा चालू होता तेव्हा शेठ मंडप बांधायला गेला होता. परिणामी पहिल्या हंगामात त्याचे हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत. मोखाड्याच्या रस्त्यावरची घुबडं त्याने पाहिली, खड्डा मात्र एकही पाहिला नाही.

पण शेठ शिकतो. जनरेटरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा. फार कमी आला की जनरेटर रस्ताभर डुलतो, फार जास्त झाला की पिकअप मागून बसते. शेठजवळ वजनकाटा नाही, कंबर आहे. दांडा उचलताना कंबरेत कळ आली पाहिजे, पण तोंडातून 'आई गं' निघता कामा नये, हे त्याचं माप. जनरेटरला स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर तो लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा मागून ढकलत राहतो. म्हणून घाटात दुसरा गिअर, आणि पिनीच्या जोडीला साखळी. "पिनीवर भरवसा, साखळीवर संसार," हे त्याचं वचन.

एवढा तयारीचा गडी एकाच गोष्टीला भितो. ती म्हणजे रिव्हर्स. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की पिकअपचा मागचा भाग उजवीकडे जातो, आणि जनरेटर नेमका डावीकडे. हे त्याला कळतं. हातांना कळत नाही. मांडवाची वाट चुकली तरी तो पुढच्या पाड्यापर्यंत जाऊन मोकळ्या माळावर वळून येतो. कुणी म्हणालंच, "शेठ, जरा मागं घ्या की," तर उत्तर तयार असतं, "मागं कशाला? लगीन तर पुढं हाय!"

कधी इलाजच नसतो. मग नवरीचा मामा डाव्या अंगाला उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडतो, नवऱ्याचा चुलता उजव्या अंगाला "थांबा, थांबा" ओरडतो, आणि शेठ दोन्ही पक्षांचा मान राखतो. जनरेटर आडवा होऊन पिकअपला चिकटतो. शेवटी पिन काढतात, दहाजण जनरेटर हातांनी फिरवतात आणि पुन्हा पिन घालतात. दोन्हीकडचं वऱ्हाड एकदिलाने करतं असं त्या लग्नातलं हे पहिलं काम.

सकाळी जनरेटर सोडून त्याच हुकाला पाण्याची टाकी लागते. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं. मे महिन्यात तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात आणि वऱ्हाड शेठची.

त्याचा एक गुण मात्र लिहून ठेवला पाहिजे. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा हा नियम त्याला पोलिसांची गाडी दिसल्यावर आठवतो. पण वारली लग्नात विधी लावणारी धवलेरी गायला लागली, की तो न सांगता जातो आणि जनरेटरच बंद करतो. तिच्या गाण्याला वीज लागत नाही, एवढं त्याला ठाऊक आहे.

तेव्हा डाभोसाचा धबधबा नाहीतर जव्हारचा जयविलास राजवाडा पाहायला निघालात आणि अरुंद वळणावर असा शेठ समोर आला, तर हॉर्न वाजवू नका. गाडी तुम्हीच मागे घ्या. तुम्हाला दहा फूट मागे जायचं असतं. त्याला मागे जायचं तर आख्खं वऱ्हाड बोलवावं लागतं.