बॅगा भरल्या, पण निघालं कोण?

काय बाई एकेक! निकाल मनासारखा लागला नाही, म्हणून म्हणे देश सोडणार! आपल्याकडे फार तर टीव्ही बंद करतात, दोन दिवस पेपर उघडत नाहीत, जिंकलेल्या पक्षाच्या भावजींशी महिनाभर अबोला धरतात. ह्या अमेरिकनांचं मात्र भलतंच. मतमोजणी अर्ध्यावर आली नाही, तोच ह्यांच्या बॅगा पलंगावर. आणि निघाले कुठे? फार लांब नाही हो, कॅनडात. शेजारी!

८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवते ना? तिकडे ट्रम्पसाहेब एकेक राज्य खिशात घालत होते आणि इकडे कॅनडा सरकारची इमिग्रेशनची वेबसाइट धापा टाकत होती. शेवटी बसलीच ती. सरकारी वेबसाइट बसण्याचं आपल्याला काय अप्रूप, आपली दहावीच्या निकालाला बसते. पण कॅनडाची बसली आणि जगभर बातमी झाली. वर कॅनडाच्या सरकारी ट्विटर खात्याचा साळसूदपणा बघा. नेमकं त्याच रात्री त्यांनी लिहिलं की, आमच्याकडे येणाऱ्यांनी आपापल्या चालीरीती बरोबर आणाव्यात, आम्ही उत्तेजनच देतो. मुहूर्त काय साधला!

बरं, हे खूळ ट्रम्पसाहेबांनी आणलं असंही नाही. २००४ मध्ये धाकटे बुश दुसऱ्यांदा निवडून आले, तेव्हाही हाच तमाशा. एरवी त्या वेबसाइटवर अमेरिकेतून दिवसाला वीसेक हजार भेटी पडायच्या, त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी लाखाच्या वर गेल्या. कॅनडातल्या चेष्टेखोरांनी तर कमालच केली. ‘अमेरिकनाशी लग्न करा’ अशी वेबसाइटच काढली. अविवाहित कॅनडियनांनी त्यागाच्या भावनेनं एकेक पीडित अमेरिकन पदरात घ्यावा, अशी योजना. २०१६ मध्ये टेक्सासातल्या एका गृहस्थाला हीच कल्पना धंदा म्हणून सुचली आणि ‘मेपल मॅच’ नावाचं ॲप आलं. अमेरिकन स्थळांना कॅनडियन स्थळं! आपली वधूवर सूचक मंडळं पत्रिका, गोत्र, पगार बघतात. इथे नवऱ्या मुलाचा एकच गुण बघायचा, पासपोर्ट.

सगळ्यात धोरणी निघालं केप ब्रेटन. नोव्हा स्कोशियाच्या टोकाला असलेलं हे बेट. कोळशाच्या खाणी गेल्या, पोलादाचा कारखाना गेला, तरणी पोरं कामधंद्यासाठी बाहेर पडली आणि गावं ओस व्हायला लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये, म्हणजे ट्रम्पसाहेबांना उमेदवारीसुद्धा मिळाली नव्हती तेव्हा, तिथल्या एका रेडिओ निवेदकानं वेबसाइट टाकली : ट्रम्प जिंकले तर आमच्याकडे या. आमच्याकडे भिंती आहेत, पण त्या घरांची छपरं तोलायला. आणि घरं स्वस्त. गंमत म्हणून केलेलं हे प्रकरण, पण चौकशांचा असा पाऊस पडला की पर्यटन खात्याचे हात भरून आले. ज्या बेटाचं नाव अमेरिकेत कोणाला धड माहीत नव्हतं, ते सीएनएनवर झळकलं. फुकटात. आपल्या कोकणातल्या बंद घरांच्या मालकांनी ह्यातून काहीतरी शिकावं, असं मला फार वाटतं. पण आपल्याकडे भाऊबंदकीच्या वादातून घर मोकळं झालं तर पाहुणा बोलावणार ना!

आता कान इकडे करा. सिनेमावाल्यांचं ऐकलंत? २०१६ मध्ये कोण काय म्हणालं ते सगळं लिहून ठेवण्यासारखं आहे. लीना डनहॅमबाई म्हणाल्या, व्हँकुव्हरमध्ये एक छान जागा मला माहीत आहे. निकालानंतर त्यांनीच कळवलं की, मी इथेच राहून लढणार. एमी शूमर स्पेनला निघाली होती, मागाहून म्हणाली, थट्टा केली हो! सॅम्युअल जॅक्सन दक्षिण आफ्रिकेला जाणार होते, ते हॉलिवूडमध्ये काम करतायत. शेर ह्या गायिकेनं पृथ्वीच नको म्हणून थेट गुरू ग्रहाचं नाव घेतलं. मला सगळ्यांत प्रामाणिक तीच वाटली. तिथे निदान व्हिसाचा प्रश्न नाही. बार्बरा स्ट्रायसँडबाईंनी ऑस्ट्रेलियाचं आणि कॅनडाचं नाव एका दमात घेतलं, मग २०१८ ला पुन्हा कॅनडाचं, त्यानंतर इंग्लंडचं. आता उरलेत ते देश वाट बघत असतील.

ह्या सगळ्यांचे वडीलधारे म्हणजे दिग्दर्शक रॉबर्ट आल्टमन. बुश निवडून आले तर मी पॅरिसला जाईन, असं ते २००० साली बोलून बसले. बुश आले. लोक विचारायला लागले, काय, कधी निघताय? तर हे म्हणाले, मी टेक्सासातल्या पॅरिसबद्दल बोलत होतो! आणि खरंच आहे हो तिथे पॅरिस नावाचं गाव.

उजवीकडच्यांनी उगाच हसू नये. रश लिंबॉ हे रेडिओवरचे त्यांचे दणकेबाज वक्ते. २०१० मध्ये ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा येऊ घातला, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की हे असंच पुढे गेलं तर मी कोस्टा रिकाला जाईन. तिथे सरकारी आरोग्यसेवा आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं वाटतं. कायदा झाला, लिंबॉ शेवटपर्यंत फ्लोरिडात. २०१२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा उचलून धरला तेव्हा तर काही महाभाग चिडून ट्विट करत होते : सरकारी दवाखाने नकोत आम्हाला, आम्ही चाललो कॅनडाला! कॅनडाला! जिथे दवाखान्याचं बिल सरकारच भरतं. ह्याला म्हणतात अभ्यास.

आपल्याकडे कशी सून म्हणते, ‘जाते मी माहेरी!’ आणि ट्रंक काढते. तशातलाच हा प्रकार. ट्रंक घरातल्यांना दिसावी म्हणूनच काढायची असते, ते काही वाईट नाही. पण माहेर निदान आपलं असतं, तिथे आईनं दार उघडलेलं असतं. अमेरिकन लोक ज्या दाराकडे बघून ट्रंक भरतात ते शेजारणीचं आहे, आणि शेजारणीला कोणी विचारलेलं नाही. मला खरा धक्का बसतो तो ह्याचा. कॅनडा आपल्याला नाही म्हणेल, ही शंकासुद्धा ह्यांच्या मनाला शिवत नाही!

आणि शेजारीण काय साधी आहे? २०१५ पासून तिनं ‘एक्स्प्रेस एंट्री’ नावाची गुणपत्रिका ठेवली आहे, १२०० गुणांची. वय वीस ते एकोणतीस असेल तर वयाचे गुण पूर्ण, पुढे घसरगुंडी, आणि पंचेचाळीसला भोपळा. म्हणजे राजकारणावर सगळ्यात जास्त चिडणारं जे वय, त्याला शून्य. निवृत्त होऊन तिथे शांतपणे राहू म्हणाल, तर निवृत्तांसाठी व्हिसाच नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचा जुना गुन्हा निघाला तर सीमेवरूनच नमस्कार, कारण २०१८ च्या शेवटापासून तो तिथे गंभीर गुन्ह्यांत धरतात. आणि सगळ्यात चवदार बातमी : इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. हो, अमेरिकनांना! ओहायोत जन्मलेल्या, इंग्रजीशिवाय एक अक्षर न येणाऱ्या माणसानं आयईएल्टीएसला बसायचं, पैसे भरून. आपली पोरं ज्या परीक्षेसाठी डोळे फोडून क्लास लावतात, तीच. फ्रेंच येत असेल तर जादा गुण, पण फ्रेंच येणारा अमेरिकन असेल कशाला कॅनडात, तो खऱ्या पॅरिसला जाईल.

एवढं करून गेलातच, तरी अमेरिकेचा आयकर पाठ सोडत नाही. जगात कुठेही राहा, नागरिक आहात तोवर दर वर्षी विवरणपत्र भरा. नागरिकत्व सोडायचं तर त्याचीही फी, २०१४ मध्ये ती ४५० डॉलरवरून थेट २,३५० केली. घटस्फोटसुद्धा स्वस्त पडायचा.

म्हणूनच एवढ्या गलक्यानंतर वर्षाकाठी कॅनडात कायमचे राहायला जाणारे अमेरिकन असतात साधारण आठ-दहा हजार. ते नोकरीनं जातात, लग्नानं जातात. ३३ कोटींच्या देशातून! आपल्या भारतातून २०२३ ह्या एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त लोक गेले, आणि कोणी टीव्हीवर जाऊन सांगितलं नाही.

एके काळी मात्र अमेरिकन खरंच गेले होते. स्वातंत्र्ययुद्ध संपलं तेव्हा राजाच्या बाजूनं लढलेले हजारो लोक उत्तरेला सरकले, इतके की १७८४ मध्ये त्यांच्यासाठी न्यू ब्रुन्सविक हा वेगळा प्रांत काढावा लागला. व्हिएतनामच्या काळात लष्करभरती चुकवणारी हजारो पोरं गेली. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स १९६८ मध्ये मुलांना युद्धावर पाठवायचं नाही म्हणून टोरांटोला गेल्या आणि मरेपर्यंत तिथेच राहिल्या. १९७७ मध्ये कार्टरनी भरती चुकवणाऱ्यांना माफी दिली तरी कित्येक जण परतले नाहीत.

आणि २०१६ च्या निकालानंतर? त्या नाताळात घानाचे दोघे जण सीमेवरच्या बर्फातून पायी मॅनिटोबात पोचले, हातांची बोटं गमावून. पुढच्या उन्हाळ्यात क्यूबेकच्या रॉक्सहॅम रोडवरून इतकी निर्वासित माणसं आली की मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खाटा टाकाव्या लागल्या. ह्यांच्यापैकी कोणाची मुलाखत झाली नव्हती जायच्या आधी. तो रस्ताही २०२३ च्या मार्चमध्ये बंद झाला.

आपली मराठी माणसं ह्यात कुठे, असं विचाराल. आहेत की. न्यू जर्सीतला एच-वन-बीवाला, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेला, चर्चेत भाग घेत नाही, तो आधीच फॉर्म भरून बसलेला असतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे होतात त्याचे. जुलै २०२३ मध्ये कॅनडानं अमेरिकेतल्या एच-वन-बीवाल्यांना दहा हजार वर्क परमिट देऊ केली, दोन दिवसांच्या आत कोटा संपला. मतदानाचा हक्क नसलेल्यांनी संपवला, हे लक्षात घ्या! सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलरची फी लागली, तेव्हा तर सुट्टीवर पुण्याला आलेल्यांनी बाकरवड्या अर्ध्या खाऊन परतीची विमानं शोधली.

आणि इथे भारतात शेजारच्या देशात जायची धमकी स्वतः द्यावी लागत नाही. २०१४ च्या प्रचारात भाजपचे गिरिराज सिंह म्हणालेच होते की मोदींना विरोध करणाऱ्यांची जागा पाकिस्तानात. कन्नड लेखक अनंतमूर्तींनी त्याआधी, मोदींच्या राज्यात मला राहायचं नाही, असं म्हटलं होतं, तर निकालानंतर त्यांच्यासाठी तिकडच्या तिकिटाची तजवीज करायला लोक पुढे. आपल्याकडे सेवा घरपोच आहे.

बरं, अमेरिकेतून खरोखर गेले त्यांचंही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलते. विनोदी नटी रोझी ओडोनेल जानेवारी २०२५ मध्ये, ट्रम्पसाहेबांच्या दुसऱ्या शपथविधीच्या आधीच, आयर्लंडला गेली. आजी-आजोबांच्या नात्यानं तिकडचं नागरिकत्व मागितलं. ट्रम्पसाहेबांनी तिचं अमेरिकन नागरिकत्व काढून घेण्याची धमकी दिली! म्हणजे जा म्हणणारेच आता जाणाऱ्याच्या मागे. टीव्हीवाली एलन डीजेनेरस २०२४ च्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी इंग्लंडला पोचली आणि निकालाच्या सकाळी मैत्रिणींचे रडके मेसेज वाचून म्हणाली, इथेच राहू या. दोघींपैकी कॅनडाला एकही नाही. कॅनडाच्या वाट्याला आले येलचे प्राध्यापक. फॅसिझमवर पुस्तकं लिहिणारे जेसन स्टॅन्ले टोरांटो विद्यापीठात गेले. कपाटभर पुस्तकं घेऊन आलेला पाहुणा, शेजारणीनं ठेवून घेतला.

आणि आता कथेत जो पेच पडलाय ना, तो तर कुठल्या मालिकेतही नसेल. ज्यांना टाळायला पळायचं, ते स्वतःच म्हणायला लागले की कॅनडा आमचं एक्कावन्नावं राज्य व्हावं! तिथल्या पंतप्रधानांना चेष्टेनं ‘गव्हर्नर’ म्हणायला लागले. मग कॅनडियन जे बिथरले! ४ मार्च २०२५ ला ओंटारिओच्या सरकारी दारूच्या दुकानांतून अमेरिकन बाटल्या खाली उतरल्या. अमेरिकेच्या सहली धडाधड रद्द झाल्या. दर हिवाळ्यात फ्लोरिडाला जाऊन ऊन खाणारी आजी-आजोबा मंडळी तिथली घरं विकायला काढायला लागली. आणि उलट बाजूनं? कॅनडानं २०२३ पासून मोठ्या शहरांत बहुतेक परकीयांना घर विकत घ्यायला बंदी केली आहे, ती २०२७ पर्यंत वाढवली आहे. म्हणजे कॅनडियन फ्लोरिडातलं घर विकणार आणि अमेरिकनाला टोरांटोत घर मिळणार नाही. दोघांनाही भेटतो तो इस्टेट एजंट, आणि तो मात्र ह्या निकालावर अगदी खूश आहे बरं का!