वाघाची बक्षिसी

ताडोबात बक्षिसी वाघ ठरवतो. पहाटे पाहुण्याला घेऊन मोहर्ली गेटमधून जिप्सी आत शिरते. वाघीण बछड्यांसह रस्त्यावर आली, की गाइडच्या हातात ५०० ची नोट; नुसते गवे आणि रानकुत्रे दिसले, तर 'थँक यू, भाऊ'. (जगात रानकुत्रेही थोडेच उरलेत, पण त्यांचा फोटो स्टेटसला ठेवतं कोण?) झुडपात झोपतो वाघ, खिसा कापला जातो गाइडचा.

हाच पाहुणा दुपारी चंद्रपुरात. मे महिना, पारा ४५ च्या वर. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला पोरगा तीन जिने चढून बिर्याणी आणतो. साहेब एसीची हवा जाऊ नये म्हणून दार बोटभर उघडतात: "सुट्टे नाहीत रे." पैसे मोबाइलवरूनच भरलेले असतात. वर रेटिंगमधला एक तारा कापतात. का, तर कोल्ड्रिंक कोमट होतं.