ससा मांडीवर कसा घ्यावा?

साहित्य: एक ससा, एक जुनी सतरंजी, मूठभर कोथिंबीर आणि घरातली अशी एक व्यक्ती, जिला दुपारी काही काम नाही. ही शेवटची वस्तू उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये सहज मिळते. पटनी बाजाराकडे, दुकानदारांच्या घरांत, जरा शोधावी लागते.

पाठ पहिला, बसणे. सतरंजी जमिनीवर अंथरावी आणि आपणही जमिनीवरच बसावं. सोफ्यावरून वाकून ससा उचलू पाहणारा माणूस सशाच्या हिशेबी माणूस नसतो, घार असतो. शिप्रेवर घिरट्या घालणारी घार आपल्या पाळीव सशाने उभ्या जन्मात पाहिलेली नसेल, पण वरून झेपावतं ते आपल्याला खायलाच, हे त्याला जन्मतः ठाऊक असतं. वाईट वाटून घेऊ नये. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. दिसत नाही ते अगदी नाकासमोरचं. आणि आपण लाडाने हात नेतो तो नेमका तिथेच! हात बाजूने, गालाजवळून न्यावा.

पाठ दुसरा, काहीही न करणे. बहुतेक विद्यार्थी इथेच गळतात. पुस्तक वाचत बसा. ससा येईल, हुंगेल, सतरंजीची कड कुरतडेल, मग पुस्तकाची. त्याने तुमच्या पायाला हनुवटी घासली तर अभिनंदन: हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास लावून त्याने तुम्हाला आपल्या मालमत्तेत जमा केलं आहे. आता कोथिंबिरीची लाच द्यायला हरकत नाही. गाजर मात्र बेताने. ते त्याचा पेढा आहे, जेवण नव्हे. जेवण म्हणजे सुकं गवत. पोहे-जिलबी आणि रतलामी शेव हा आपला नाश्ता आपल्यापुरताच ठेवावा.

पुढचा पाठ उचलण्याचा. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि लगेच अंगाशी घट्ट. मागचा भाग लोंबता राहता कामा नये. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम 7-8 टक्के, आणि मागचे पाय पहिलवानाचे. हवेत जोरात लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. कान धरून उचलायची फॅशन जादूगारांची. जादूगार ससा पुन्हा टोपीत ठेवून मोकळा होतो, तुम्हाला डॉक्टर शोधावा लागेल. उताणा केलेला ससा गप्प पडून राहतो तेव्हा पाहुणे म्हणतात, ‘अगंबाई, किती लाडात आलाय!’ तो लाडात नसतो. भीतीने थिजलेला असतो. पहिल्या वेळी दोन-चार सेकंद पुरे. त्याने धडपड करण्याआधीच खाली ठेवायचा.

पाहुण्यांचं निघालंच आहे तर सांगतो. पुण्याची आत्या महाकालाच्या दर्शनाला येते आणि चपला काढता काढताच ‘कुठाय तुमचा ससोबा?’ विचारते. तिला ‘आत्या, आधी खाली बसा, चहा घ्या’ एवढंच म्हणावं. गुडघे दुखतात म्हणून ती खुर्चीवरच बसेल आणि प्रश्न आपोआप मिटेल.

वेळापत्रकातून श्रावणातले सोमवार वगळावेत. महाकालाची सवारी निघते, कडाबिनीचे बार उडतात, डमरू-झांजा घुमतात, आणि मार्गावरच्या घरातला ससा मागचा पाय जमिनीवर आपटून साऱ्या घराला धोक्याचा इशारा देतो. उत्तरेकडचा श्रावण राखीपौर्णिमेला संपतो, आपला पुढच्या अमावस्येपर्यंत चालतो. सवाऱ्या दोन्ही पंचांगांचा मान राखून निघतात. मराठी अमलाची ही खूण मानतात. आपल्याला अभिमान वाटतो, सशाला नाही.

मे महिन्यात तर वर्गाला सुट्टीच द्यावी. पारा चाळिशी ओलांडतो आणि ससा तिशीतच कासावीस होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. आपली गरम मांडी त्याला नको असते. थंड फरशी आणि कूलरची झुळूक हवी असते. पण गारवा हवा म्हणून त्याला आंघोळ घालायला जाऊ नये. 2028 मध्ये सिंहस्थ आहे. शिप्रास्नानाचं पुण्य माणसांनीच घ्यावं. भिजवलेला ससा धसक्याने आणि गारठ्याने जिवावर बेतण्याइतका आजारी पडू शकतो.

परीक्षेचा निकाल दातांवरून कळतो. मांडीवर बसून हळूच दात घासले तर पास. मोठ्याने कराकरा वाजवले तर त्याला काहीतरी दुखतंय. काही ससे जन्मभर उचलू देत नाहीत, पण रोज शेजारी येऊन धपकन आडवे होतात. त्यांनाही पासच करावं. चांगला सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो, तेव्हा मांडीची घाई नको. घाई करायची ती एकाच बाबतीत: अर्धा दिवस त्याने गवताला तोंड लावलं नाही, तर उद्याची वाट न पाहता त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.